दोन रेषांमधली जमीन

टोपोशीटवर बोट ठेवून ‘इथली उंची किती?’ असं विचारलं तर नकाशा एक आकडा देत नाही. खालची रेषा ७४० ची, वरची ७६० ची, मधलं तुमचं तुम्ही बघा, एवढंच तो सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० शीटवर दोन कंटूरमधलं, म्हणजे समान उंचीच्या रेषांमधलं, उंचीचं अंतर बहुतेक ठिकाणी २० मीटर, हिमालयात ४० मीटर. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे आपल्याकडे शंभरा-शंभराची. रेषा तपकिरी. मधे काळा ठिपका आणि शेजारी आकडा असला तर ती स्पॉट हाइट, छोटा त्रिकोण असला तर ट्रिग स्टेशन. बेंचमार्क त्याच्या ‘बीएम’ या अक्षरांवरून ओळखू येतो. विहीर, बांध, नदीची दरड यांच्याजवळ एखादा लहानसा आकडा ‘आर’ हे रोमन अक्षर जोडून छापलेला असतो. तो समुद्रापासून मोजलेला नसतो, शेजारच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली सांगतो. बाकीच्या आकड्यांत तो मिसळायचा नाही.

*

शीटचा नंबर वाचता आला की जागा सापडलीच. जुन्या पद्धतीत चार अंश लांब, चार अंश रुंद अशा चौकोनाला एक आकडा. महाराष्ट्राचा पश्चिम पट्टा ४७ मध्ये येतो: ७२ ते ७६ पूर्व, १६ ते २० उत्तर. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. प्रत्येक तुकड्याची पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांची सोळा शीटं. मोजणी वरून खाली, मग पुढचा स्तंभ. पुणे शहर ४७ एफ/१४ वर, सिंहगड ४७ एफ/१५ वर, तोरणा ४७ एफ/११ वर, राजगड ४७ एफ/१२ वर. सिंहगड तर शीटच्या अगदी डाव्या काठाशी आहे. पश्चिमेची उतरण बघायची तर शेजारचं शीट लावून घ्यावं लागतं, आणि दोन शीटांच्या सांध्यावर कंटूर जुळतात का हे पाहिलं की सर्वेक्षणाचा कसही कळतो.

*

मधली उंची काढायची रीत शाळेतल्या त्रैराशिकाची. समजा एक वाडी ७४० आणि ७६० च्या मधे आहे. वाडीतून जाणारी, दोन्ही रेषांना शक्य तितकी काटकोनात छेदणारी एक रेघ मारायची, म्हणजे उताराची रेघ. ती आठ मिलिमीटर भरली. वाडी खालच्या रेषेपासून तीन मिलिमीटरवर. वीस गुणिले तीन भागिले आठ, साडेसात. ७४० अधिक ७.५, म्हणजे ७४७.५ मीटर.

हिशेब बरोबर. आता ते दशांशचिन्ह खोडायचं. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. छापील रेषेची जाडीच जमिनीवर पाच-दहा मीटर खाते. पट्टीचा काटा अर्ध्या मिलिमीटरने हलला की उंची सव्वा मीटरने हलते. हे झालं आपल्या मोजण्यापुरतं. रेषा स्वतः किती खरी हा प्रश्न अजून उरलाच आहे.

*

कंटूर कुणी जमिनीवर चालत आखलेली नसते. प्लेन टेबलच्या काळात सर्वेक्षक टेकडीवर, धारेवर, ओढ्याच्या संगमावर अशा मोक्याच्या जागांची उंची क्लिनोमीटरने काढत आणि मधल्या रेषा समोरचा डोंगर बघत हाताने ओढत. पुढे विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्यांवरून रेषा काढल्या जाऊ लागल्या. ही युक्ती सुरुवातीच्या काळात वापरली गेली तीही मोजलेल्या बिंदूंमधलं रिकामं भरायला. १७७४ मध्ये मॅस्कलिन यांनी स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराचं गुरुत्वाकर्षण ओळंब्यावर किती परिणाम करतं हे मोजलं. डोंगराचं घनफळ काढायचं काम चार्ल्स हटन यांच्याकडे आलं. त्यांच्यापुढे उंच्यांचे नुसते विखुरलेले आकडे होते. सारख्या उंचीचे बिंदू त्यांनी रेषेने जोडले आणि डोंगराला आकार आला.

म्हणून भरवशाचा क्रम असा: आधी बेंचमार्क, मग ट्रिग, मग स्पॉट हाइट आणि शेवटी कंटूर. मधली जागा काढताना जवळपास स्पॉट हाइट असली तर दोन रेषांऐवजी एक रेषा आणि तो ठिपका घेऊन त्रैराशिक मांडावं.

*

रेषेवर किती विश्वास टाकावा याचा एक जुना मापदंड अमेरिकेच्या १९४७ च्या निकषांत आहे: तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदूंची उंची अर्ध्या कंटूर अंतराच्या आत बरोबर यावी. तोच आपल्या शीटला लावला तर १० मीटर वर किंवा १० मीटर खाली. उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल निकष काहीच म्हणत नाही, आणि कड्याकपारी त्याच दहा टक्क्यांत असतात.

*

त्रैराशिकात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दोन रेषांमधला उतार एकसारखा आहे. सह्याद्रीत नेमकं हेच नसतं.

दख्खनचा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. टणक काळ्या पाषाणाचा थर उभा कडा धरतो, त्याच्यावरचा किंवा खालचा ठिसूळ थर झिजून सपाटी होते. कडा, माची, कडा, माची. नकाशावर हे ताबडतोब दिसतं: तीन-चार रेषा एकमेकींना खेटून, मग बोटभर रिकामी जागा, पुन्हा तीन-चार रेषांचा जुडगा.

आता त्या रिकाम्या जागेत मधोमध एक धनगरवाडा आहे असं धरू. खालची रेषा ९००, वरची ९२०. त्रैराशिक ९१० म्हणेल. पण खालची ९०० ची रेषा कड्याच्या अंगावर आहे की सपाटीच्या काठावर, यावर सगळं अवलंबून. ती कड्याच्या मध्यावर असेल तर कड्याचा माथा ९१५ ला असू शकतो आणि सगळी सपाटी ९१५ ते ९२० मध्ये बसते. उलट ९०० ची रेषा सपाटीच्या काठाशीच असेल आणि पुढचा कडा ९०५ ला सुरू होत असेल, तर वाडा ९०२-०३ वर. नकाशा दोन्ही वेळी सारखाच दिसतो. फरक लावायला कड्याची खूण बघायची, सपाटीवरची एखादी स्पॉट हाइट शोधायची, नाहीतर त्याच थराची सपाटी शेजारच्या सोंडेवर किती उंचीला आहे ते बघायचं. थर बहुतांशी आडवे असल्यामुळे एका सोंडेवरची माची पुढच्या सोंडेवरही साधारण त्याच उंचीला भेटते. पुस्तकात सापडत नाही अशी ही सोय दख्खनमध्ये फुकट मिळते.

*

माथ्यावर स्पॉट हाइट नसली तर काय करायचं? पुस्तकी उत्तर: शेवटच्या रेषेच्या वर अर्धं अंतर धरा. आपल्याकडच्या चार माथ्यांवर हा नियम घासून बघू, त्यांचे आकडे ठाऊक असल्यामुळे.

तोरणा १४०३ मीटर: शेवटची रेषा १४००, नियम म्हणतो १४१०. सात मीटर जास्त. कळसूबाई १६४६: रेषा १६४०, नियम १६५०. चार मीटर जास्त. साल्हेर १५६७: रेषा १५६०, नियम १५७०. तीन मीटर जास्त. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३९: रेषा १४२०, नियम १४३०. नऊ मीटर कमी. विल्सन पॉइंट आणखी एखाद मीटर चढला असता तर १४४० ची चिमुकली रेषा त्याच्या डोक्यावर उमटली असती.

दहाच्या आत चारही बसले, म्हणून नियम खोटा नाही. पण माथा सपाट पठाराचा आहे की टोकदार, हे रेषांच्या दाटीवरून ताडून घेतलं तर अंदाज आणखी जवळ येतो. शेवटचं वेटोळं मोठं आणि पसरट असेल तर रेषेच्या जवळ राहावं. रेषा माथ्यापर्यंत दाट होत आल्या आणि शेवटचं वेटोळं ज्वारीच्या दाण्याएवढं असेल, तर वर सरकावं.

*

सिंहगडाच्या माहितीत दोन आकडे कायम जोडीने येतात: समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आणि आजूबाजूच्या जमिनीपासून ७६० मीटर. वजाबाकी करा: ५५२. खडकवासला धरण भरलं की पाण्याची पातळी ५८२.४७ मीटर असते. म्हणजे ‘आजूबाजूची जमीन’ भरलेल्या धरणाच्या तीस मीटर खाली! पायथ्याचं आतकरवाडी तर धरणाच्या वर आहे. ५५२ हा आकडा पुणे शहराच्या नदीकाठाशी जुळतो. ७६० मीटर ही गडाची उंची पुण्यातून बघितलेली. पायथ्यापासून निघणाऱ्याच्या वाट्याला चढ येतो तो बराच कमी.

‘जमिनीपासून इतकी उंची’ असं वाचलं की कुठल्या जमिनीपासून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

*

खिंडीची उंची स्पॉट हाइटशिवायही घट्ट पकडता येते, कारण तिथे चार रेषा मदतीला असतात. खिंडीच्या दोन बाजूंना डोंगर, तिथून समोरासमोर येऊन वळलेल्या दोन रेषा सारख्या आकड्याच्या, समजा ७८०. उरलेल्या दोन बाजूंना दऱ्या, तिथून वर आलेल्या दोन रेषा ७६० च्या. खिंड ७६० च्या वर, ७८० च्या खाली. दोन ७८० एकमेकींच्या फार जवळ आल्या असतील आणि ७६० च्या दोघी दूर असतील तर खिंड ७८० ला लागून. उलट असेल तर ७६० ला. घाटवाटा शोधणाऱ्यांना एवढं पुरतं.

*

ओढ्याला ओलांडताना कंटूर वळते आणि तिचं टोक वरच्या अंगाला, उगमाकडे असतं. म्हणून ओढा आणि कंटूर जिथे छेदतात तो बिंदू आयती खूण ठरतो. पात्राच्या बाबतीत सरळ रेघेवर त्रैराशिक मांडू नये. पात्राच्याच वाटेने, वळणं धरून, दोन छेदबिंदूंमधलं अंतर मोजावं आणि त्यावर २० मीटर वाटावेत. डोंगरातला ओढा हे अंतर शेदोनशे मीटरमध्ये उतरतो. देशावर भीमेसारख्या नदीला त्याच वीस मीटरसाठी मैलोन्‌मैल जावं लागतं. तिथे दोन छेदांच्या मधलं गाव नेमकं किती उंचीवर, हे या शीटला विचारण्यात अर्थ नाही.

*

भरलेलं धरण म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष आखलेली कंटूर. मराठवाड्यात ‘१५२२’ हा आकडा शाळकरी पोरालाही माहीत असतो: जायकवाडी पूर्ण भरल्याची पातळी, फुटांत. मीटरमध्ये ४६३.९. टोपोशीटवर ४६० आणि ४८० च्या रेषा आहेत, ४६४ ची नाही. नाथसागर काठोकाठ भरला की त्याचा किनारा ती रेषा आखून देतो, खाचाखळग्यांसकट. उजनीचा असाच आकडा ४९६.८३ मीटर. भरलेल्या जलाशयाच्या काठावरच्या कुठल्याही बिंदूची उंची शीटवरच्या नेहमीच्या स्पॉट हाइटपेक्षा जास्त भरवशाची. वारा जोराचा नसेल आणि सांडव्यावरून मोठा विसर्ग चालू नसेल तर.

*

कालवा ही जवळपास कंटूरच. किलोमीटरमागे दहा-वीस सेंटिमीटर उतरायचं, एवढाच त्याचा उतार. पन्नास किलोमीटर गेला तरी दोन कंटूरमधल्या अर्ध्या अंतरापेक्षा जास्त उतरत नाही. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. बारामती-इंदापूरच्या बाजूला त्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला ज्वारी-बाजरी, हे चित्र कित्येक पिढ्यांनी पाहिलं. जमिनीची उंची सातबाऱ्यावर लिहिलेली नसते, पण बागायत की जिरायत हे लिहिलेलं असतं, आणि कालव्याच्या मुलखात एकावरून दुसरं कळायचं.

मग उपसा आला. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी तालुक्यांत नेलं. तिथे प्रत्येक मीटरची किंमत विजेच्या बिलात मोजली जाते. पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. दोन ठिकाणच्या उंचीतला फरक दहा मीटरने चुकला तर पंपाची निवडच चुकली.

*

रेल्वे हाही ताळ्याला उपयोगी पडणारा मापदंड. कर्जत-लोणावळा घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १. म्हणजे २० मीटर चढायला ७४० मीटर लोहमार्ग, नकाशावर १४.८ मिलिमीटर. रुळांच्या वाटेने मोजलेलं अंतर दोन कंटूरच्या मधे याहून बरंच कमी भरत असेल तर रेषा ओळखण्यात घोटाळा आहे, किंवा मधे बोगदा आहे. बोगद्यात कंटूर डोंगराची असते, रुळाची नसते.

*

शून्य कुठलं? शाळेतलं उत्तर: समुद्रसपाटी. पुढचा प्रश्न: कुठल्या समुद्राची?

१९०९ मध्ये देशभरच्या लेव्हलिंगचं जाळं जुळवलं तेव्हा नऊ बंदरांवरची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली गेली: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसाच्या किनाऱ्यावरचा फॉल्स पॉइंट. या सगळ्या ठिकाणी समुद्र तंतोतंत एका पातळीला नसतो. तरीही नऊही ठिकाणी शून्यच धरायचं असं ठरलं आणि मधला फरक जाळ्यात वाटून टाकला.

त्या जाळ्याची एक गाठ नागपूरला बघायला मिळते. झिरो माइलच्या खांबाला आणि चार घोड्यांना सगळे ओळखतात. बाजूलाच १९०७ चा जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्कचा दगड आहे. तिथली नोंदलेली उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९५ मीटर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा. तो लिहिण्याचा हक्क सर्वेक्षकांना होता, कारण डोळ्याने रेषा ओढून तो आलेला नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधे दुर्बीण ठेवून, मुक्कामामागून मुक्काम करत ते किनाऱ्यापासून आत आले होते.

*

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत येतं: ‘आज ४.८ मीटरची भरती.’ मग लोक आपल्या इमारतीची उंची बघतात. नकाशात ४ मीटर असेल तर घाबरतात. पण भरतीचा आकडा मोजतात तो नाविक नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे खूप ओसरलेल्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती जमिनीच्या नकाशाच्या भाषेत साधारण २.३ मीटर. त्यात महापालिकेच्या गटारांच्या पातळ्या टाउन हॉल डेटम या तिसऱ्याच शून्यावरून मोजायची जुनी रीत. एकाच रस्त्याला तीन शून्यं. आकडे शेजारी मांडण्याआधी शून्यं एकत्र आणायला हवीत.

आणि १:५०,००० च्या शीटवर मुंबई बेट बघायला गेलं तर मलबार हिलसारख्या टेकड्या सोडल्यास जवळजवळ सगळं शहर पहिल्या २० मीटरच्या रेषेच्या आत. पाणी कुठे तुंबेल हे तिथे शोधू नये.

*

मोबाइलचा जीपीएस मुंबईच्या चौपाटीवर कधी कधी उणे साठ-पासष्ट मीटर दाखवतो. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकाराच्या पृष्ठभागापासून. समुद्राची पातळी चालते गुरुत्वाकर्षणाच्या हुकमाने. हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, ही पातळी त्या गणिती पृष्ठभागाच्या शंभराहून जास्त मीटर खाली आहे. जगातला हा सर्वांत खोल खळगा. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो: मुंबई-पुणे पट्ट्यात फरक ६० ते ७० मीटर. आयफोन हा फरक काढून आकडा देतो. अँड्रॉइडच्या अनेक अ‍ॅपमध्ये तो कच्चाच येतो. त्यामुळे एकाच बुरुजावर उभे असलेले दोघं मित्र ‘माझं खरं, तुझं खोटं’ करत बसतात. टोपोशीट जवळ असलं तर एका मिनिटात निकाल लागतो. वीस मीटरच्या रेषा कितीही ढोबळ असल्या तरी ६५ मीटरची तफावत त्या लपू देत नाहीत.

*

संगणकावर माउस फिरवला की उंचीचा आकडा पळायला लागतो, मीटरपर्यंत नेमका. त्यामागे बहुतेक वेळा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेली पृथ्वी असते, किंवा तशीच दुसरी एखादी मोजणी. तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची. गावकुसाबाहेरच्या माळावर हा आकडा चांगला बसतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एक चौकोन इकडे-तिकडे झाला की उंची शेकडो मीटरने बदलते, आणि कडा उभा न दिसता घसरगुंडी होऊन बसतो. आंबोलीच्या, कोयनेच्या दाट रानात रडारला जमिनीऐवजी बरीचशी झाडंच लागतात. शहरात गच्च्या लागतात. वीस मीटरचं झाड म्हणजे एक अख्खी कंटूर.

कागदी शीटचा दोष वेगळा. सर्वेक्षणाचं वर्ष समासात छापलेलं असतं, ते आधी वाचावं. क्रशरवाल्यांनी मधल्या काळात अर्धी टेकडी खाल्ली असेल, तर ठिपका आणि आकडा नकाशावर तसाच आहे, खालची जमीन मात्र खडी होऊन रस्त्याला गेली.

*

मनगटी घड्याळातला उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो. पुण्याच्या उंचीला एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, तीन-चार हेक्टोपास्कलने. म्हणजे तंबूत झोपून राहिलं तरी घड्याळ तुम्हाला दिवसभरात पंचवीस-पस्तीस मीटर वर चढवतं. उपाय सोपा: वाटेत स्पॉट हाइट असलेली जागा आली, खिंड, माथा, देऊळ, की घड्याळ त्या आकड्याला लावायचं. पुढचे दोन तास ते इमानदार राहतं.

*

लोणारचं विवर १:५०,००० वर छत्तीस-सदतीस मिलिमीटरचं वर्तुळ होतं: व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली सुमारे १५० मीटर. आत उतरत जाणाऱ्या सात-आठ रेषा. खोलगट जागेच्या रेषांना आतल्या बाजूला बारीक दात काढतात, म्हणून ते टेकाड वाटत नाही. गंमत काठाची आहे. उल्का आदळून उचललेली कड आसपासच्या सपाटीहून सुमारे वीस मीटरच उंच. नेमकं एक कंटूर अंतर. सपाटी ज्या आकड्यावर आहे त्यानुसार त्या कडेवर एखादी रेषा मिळते, कुठे मिळतही नाही. जगप्रसिद्ध भूरूपाचा अर्धा पुरावा रेषांच्या फटीतून निसटू शकतो.

*

पुराच्या दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे फूट मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. सांगलीच्या ४५ फुटांची कोल्हापूरच्या ४३ शी तुलना करता येत नाही, आणि दोन्हींची अलमट्टी धरणाच्या आकड्याशी तर मुळीच नाही. तिकडे ५१९.६० मीटर, हे समुद्रसपाटीपासूनचे. ती उंची ५२४.२५६ करायची की नाही यावर राज्याराज्यांत इतकी वर्षं भांडण चालू आहे. टोपोशीटवर ५१९.६० म्हणजे ५२० च्या रेषेच्या ४० सेंटिमीटर खाली. तिथवर ती रेषा कामाची. वाढीव साडेचार मीटर मात्र ५२० आणि ५४० च्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात बुडून जातात.

शिवाय महापुरात जलाशयाचं पाणी आडवं नसतं, वरच्या अंगाला चढत गेलेलं असतं. म्हणून धरणाच्या आकड्याची रेषा जिथे संपते तिथे फुगवटाही संपतो, असं धरून चालत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा आखायला अर्ध्या-एक मीटरचे कंटूर लागतात. ते काम वेगळ्या मोजणीचं.

*

डोंगरातला झरा आणि खालची वाडी. नळ टाकून पाणी आपोआप येईल का, एवढाच प्रश्न. नकाशावर झरा ७८० च्या आसपास, वाडी ७४५ च्या. फरक ३५. दोन्हीकडे दहा-दहाची चूक धरली आणि ती दुर्दैवाने उलट बाजूंना गेली तरी १५ मीटर उरतात. पाणी येणार. पण टाकी बांधायची देवळापाशी, आणि देऊळ वाडीच्या कडेला, थोडं वर.

वाडीतल्या आबांना विचारलं: “आबा, देऊळ वाडीपेक्षा किती वर असेल?”

“वर म्हंजे काय लई न्हाई. पन पावसाळ्यात झऱ्याचं पानी आमच्या दारावनं जातं, देवळाकडं जात न्हाई. ते टेकाडावर हाय.”

नकाशात टेकाड नाही. पंधरा मीटरपर्यंतचं टेकाड दोन रेषांच्या मधे सहज मावतं. आबांच्या उत्तराने झऱ्याचा, वाडीचा आणि देवळाचा क्रम लागला. किती मीटर, एवढंच उरलं.

ते गवंड्याने सांगितलं. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक देवळाच्या जोत्याला, दुसरं उतारावर जेवढं लांब जाईल तेवढं. दोन्ही टोकांचं पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं, खूण करायची, मग पुढचा मुक्काम. नळीत बुडबुडा राहिला की माप फसतं, म्हणून तो आधी सगळी नळी बोटाने टिचक्या मारत तपासत होता. टप्पे घेत तो वाडीच्या चौकापर्यंत आला. देऊळ चौकापेक्षा नऊ मीटर आणि काही सेंटिमीटर वर. ‘काही सेंटिमीटर’ त्याने सांगितले ते त्याला शोभले. त्याच जागी आमच्या नकाशाला नऊ मीटरही धड सांगता आले नसते.

*

कशाला किती लागतं: गडाची वाट ठरवायला वीस मीटर पुरे. नळयोजना सुचवायला दहा. पंप निवडायला एक. पूररेषेला अर्धा. समपातळी चर खणायला काही सेंटिमीटर, आणि तिथे नकाशा घडी घालून ठेवायचा आणि ए-फ्रेम काढायची.

*

अहवालाच्या छापील तक्त्यात एक चौकोन असतो: ‘उंची (मी.)’. त्यात ७४७.५ लिहिलं की तो आकडा पुढच्या टेबलावर जातो, तिथून अंदाजपत्रकात, तिथून निविदेत. वाटेत कुणीच विचारत नाही की हा साडेसात कुठून आला. दशांशचिन्ह बघून वाटतं, जागेवर कुणीतरी मोजलं असणार. म्हणून चौकोन लहान पडला तरी तीन गोष्टी त्यात बसवाव्यात: आकडा, तो कशावरून काढला, आणि किती इकडेतिकडे. ‘७४५, टोपोशीटवरून, १० मीटर कमी-जास्त.’ हे वाचणारा इंजिनिअर पाइप मागवण्याआधी डम्पी लेव्हल घेऊन माणूस पाठवतो. ७४७.५ वाचणारा थेट पाइप मागवतो.